विसरलेली ठेव कुणाची?



दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचला जातो, तेव्हा व्रतांचे अतिचार भराभर पुढे सरकतात. सत्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत एक शब्द येतो, न्यासापहार. देरासरात पक्खी प्रतिक्रमण करणाऱ्या मैत्रिणी हाच दोष ‘थापणमोसो’ या नावाने दर पंधरवड्याला म्हणतात. अर्थ एकच. कुणी विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेलं दाबून ठेवणं.

पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत याचा जो खुलासा केला आहे तो मुद्दाम वाचण्यासारखा आहे. एकाने दुसऱ्याकडे सोनंनाणं ठेवायला दिलं. बराच काळ गेला. किती ठेवलं होतं हे ठेवणारा विसरला आणि परत मागताना त्याने कमी आकडा सांगितला. ज्याच्याकडे ठेव होती तो एवढंच म्हणाला, ‘हो, तेवढंच.’ त्याने तिजोरी फोडली नाही, खोटा कागद केला नाही. मालकाच्या विसरण्याला फक्त मान डोलावली. तरीही तो दोष ठरला, आणि तोही अचौर्याच्या नव्हे, सत्याच्या खात्यात.

अचौर्याचं लक्षण सांगताना समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आणखी एक बारकावा सांगितला आहे. दुसऱ्याने ठेवलेलं, वाटेत पडलेलं किंवा पार विसरलेलं धन, त्याने दिल्याशिवाय श्रावक स्वतः घेत नाही, आणि उचलून तिसऱ्याला देतही नाही. हे ‘तिसऱ्याला देतही नाही’ लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आज लिहायचं आहे ते बँकेत पडून राहिलेल्या, मालकाने न मागितलेल्या पैशांविषयी. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालाप्रमाणे मार्च २०२४ अखेर अशी रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. वर्षभरात ती २६ टक्क्यांनी वाढली होती. हा पैसा कुणी ओवाळून टाकलेला नाही. कुणी गाव बदललं, कुणी घर बदललं, कुणी न सांगता गेलं. मग या ठेवीचं काय होतं, आणि शेवटी ती राहते कुणाची? याचं उत्तर आज जे आहे ते एका दिवसात ठरलेलं नाही.

सत्यघोषाची गोष्ट

सिंहपूरच्या सिंहसेन राजाचा पुरोहित श्रीभूती ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. जानव्याला सुरी बांधून तो फिरे आणि सांगे, माझ्या तोंडून खोटं निघालं तर या सुरीने मी जीभ कापून घेईन. म्हणून लोक त्याला सत्यघोष म्हणत आणि आपल्या ठेवी त्याच्याकडे ठेवत. एक व्यापारी समुद्रप्रवासाला निघताना पाच मौल्यवान रत्नं त्याच्याकडे ठेवून गेला. जहाज फुटलं, सगळं बुडालं, व्यापारी फाटक्या कपड्यांत परत आला. सत्यघोषाने त्याला ओळख दिली नाही. धन गेल्यामुळे याचं डोकं फिरलं आहे, असंच सर्वांना सांगितलं.

व्यापारी राजवाड्याजवळच्या झाडावर चढून रोज पहाटे ओरडे, माझी पाच रत्नं सत्यघोषाकडे आहेत. सहा महिने ओरडला. सगळ्यांनी वेडा म्हणून सोडून दिलं. राणी रामदत्ता मात्र म्हणाली, वेडा असता तर रोज एकच गोष्ट, एकाच शब्दांत सांगितली नसती. तिने पुरोहिताला द्यूत खेळायला बसवलं, त्याच्या खुणेच्या वस्तू जिंकल्या आणि त्या दाखवून दासीकरवी त्याच्या घरातून रत्नं आणवली. राजाने ती पाच रत्नं इतर पुष्कळ रत्नांत मिसळून व्यापाऱ्यासमोर ठेवली. त्याने नेमकी आपली पाच उचलली. बाकीच्यांना हात लावला नाही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. मला या गोष्टीत हिशेबतपासणीचे सगळे नियम दिसतात. दावा एकसारखा आहे का हे राणीने पाहिलं, माल कुठे आहे हे शोधलं, आणि राजाने मालकाची ओळख पटवली. ठेवणाऱ्याच्या अंगावर फाटके कपडे असले तरी ठेव त्याचीच, हा निकाल त्यातून आला. आपल्या बँकांना याच ठिकाणी यायला बरीच वर्षं लागली.

बँकेतली ठेव म्हणजे काय

थापण आणि बँकेतली ठेव यांत एक फरक आहे. व्यापाऱ्याला तीच पाच रत्नं परत हवी होती. बँकेत आपण टाकलेली नोट आपल्याला परत मिळत नाही. बँक ती दुसऱ्याला कर्जाने देते आणि आपली देणेकरी होते. इंग्लंडमध्ये १८४८ साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात हे ठरलं, आणि आपल्याकडच्या बँकांचा कायदाही त्याच पायावर उभा आहे. बँकेच्या ताळेबंदात आपली ठेव देण्याच्या बाजूला असते ती म्हणूनच.

एरवी उसनवारीचं देणं तीन वर्षं मागितलं नाही तर कोर्टात वसूल करणं अवघड होतं. बँकेतल्या, मागताक्षणी परत द्यायच्या पैशांना मात्र वेगळा नियम आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात त्यासाठी कलमच आहे. तिथे मुदत मोजायची ती ग्राहकाने पैसे मागितल्या दिवसापासून. मागितलेच नाहीत तर घड्याळ सुरूच होत नाही. त्यामुळे पंचवीस वर्षं पासबुक कपाटात राहिलं म्हणून बँकेला ‘आता उशीर झाला’ असं म्हणता येत नाही.

कागदावर हे छान दिसतं. पण मागणार कोण? ज्याला खातं आठवतच नाही तो मागत नाही. घड्याळ थांबलेलं, मालक गप्प आणि पैसा बँकेच्या वापरात, अशी ती अवस्था होती.

एकोणीसशे एकोणपन्नास

आपल्या भागाचा आणि या कायद्याचा जन्म एकाच वर्षाचा आहे. मार्च १९४९ मध्ये बँकांचा कायदा लागू झाला, तोच पुढे बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं.

दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या या बराकी युद्धानंतर ओस पडल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना तिथे आसरा मिळाला. आजही आपण कॅम्प एक, कॅम्प पाच असं सहज म्हणतो, ते त्या दिवसांचं नाव आहे. या माणसांची घरं, दुकानं, शेतं मागे राहिली होती. भारत सरकारने १९५० साली त्यांचे दावे नोंदवायचा कायदा केला, पण तो पश्चिम पाकिस्तानात राहिलेल्या स्थावर मालमत्तेपुरता होता. बँकेतला पैसा घरासारखा दाव्याच्या अर्जात लिहिता येत नव्हता. त्यासाठी बँकेच्याच दारात उभं राहायचं, आणि हातात बहुधा पासबुकही नाही.

या बाबतीत पंजाब नॅशनल बँकेचं नाव आदराने घ्यावं असं आहे. ही मूळची लाहोरची बँक, १८९५ साली सुरू झालेली. फाळणीच्या तोंडावर, जून १९४७ मध्ये, तिने आपली नोंदणीकृत कचेरी दिल्लीला हलवली. तिच्या एक तृतीयांश शाखा पश्चिम पाकिस्तानात गेल्या, आणि त्या शाखांत बँकेच्या ठेवींपैकी ४० टक्के ठेवी होत्या. तरीही निर्वासित ठेवीदार जो काही पुरावा दाखवू शकले, त्यावर बँकेने त्यांचे पैसे दिले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसाला वेडा ठरवून परत पाठवलं नाही.

त्याच दशकात युरोपात काय झालं ते शेजारी ठेवून पाहा. नाझींच्या छळाच्या भीतीने अनेक ज्यू कुटुंबांनी स्वित्झर्लंडच्या बँकांत पैसे ठेवले होते. युद्धानंतर त्यांचे वारस आले तेव्हा त्यांच्याकडे मृत्यूचे दाखले मागितले गेले. छळछावणीत मारल्या गेलेल्यांचा दाखला देणार कोण? ठेवी पडून राहिल्या आणि कित्येक खाती तर बँकेच्या शुल्कातच झिजून संपली. पन्नास वर्षांनी, १९९८ साली, मोठ्या स्विस बँकांनी अमेरिकेतल्या खटल्यात १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तोवर मूळ ठेवीदारांची पिढी संपत आली होती. ‘पुरावा आणा’ हे वाक्य कायद्याला धरून असतं, पण ते कुणाला आणि कधी म्हटलं जातं त्यावर बरंच अवलंबून आहे.

यादी झाली, शोध नाही

१९४९ च्या कायद्यात कलम २६ होतं. दहा वर्षं ज्या खात्यात काहीच व्यवहार झाला नाही त्यांचा तक्ता प्रत्येक बँकेने दर कॅलेंडर वर्ष संपल्यावर तीस दिवसांत रिझर्व्ह बँकेला द्यायचा. १९६६ पासून सहकारी बँकाही या कायद्याखाली आल्या. म्हणजे मोजणी होत होती. पण मोजून पुढे काय, मालकाला हाक कुणी मारायची, हे त्या कलमात नव्हतं. पैसा बँकेतच राहायचा.

आणि आपल्या भागात खाती झोपायला कारणं भरपूर होती. अंबरनाथला दारूगोळ्याच्या सामानाचा सरकारी कारखाना, काडेपेट्यांची विमको, रसायनांची धरमसी मोरारजी. शहाडला सेंच्युरी रेयॉन. देशभरातून माणसं नोकरीला आली, पगाराची खाती निघाली, निवृत्त होऊन गावी गेली, आणि ‘हिशेबापुरते’ चारदोन हजार तिथेच राहिले. बदलापूरची गोष्ट उलटी. तिथे माणसं नंतर आली. लालबाग, परळ, दादरच्या चाळीतली कुटुंबं जागा पुरेना म्हणून मध्य रेल्वेच्या पुढच्या स्टेशनांवर सरकली. खातं मात्र जुन्या घराजवळच्या शाखेत आणि पत्ता खोली नंबर अमुकचा. बँकेने पत्र पाठवलं तर ते पाडलेल्या चाळीला जायचं.

त्यात २६ जुलै २००५. उल्हास नदीचं पाणी बदलापुरात घराघरांत शिरलं. त्या दिवशी भिजलेल्या कपाटांत किती पासबुकं आणि मुदत ठेवींच्या पावत्या होत्या, ते ज्यांनी नंतर उन्हात कागद वाळत घातले त्यांना विचारा.

आणखी एक कारण आपल्या माहेरचं. वडिलांनी मुलीच्या नावाने सांगली बँकेत किंवा साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्नमध्ये पावती केलेली असते. आता ती पाटीच कुठे दिसत नाही म्हणून बाई समजते की पैसेही गेले. तसं नाही. १९३६ साली निघालेली युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये, आणि देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये. विलीनीकरणात बँकेची येणी नव्या बँकेकडे जातात तशी देणीही जातात. सासरी आल्यावर आपलं नाव बदललं म्हणून आपण वेगळ्या झालो का? तसंच ते. जुनी पावती घेऊन नव्या नावाच्या बँकेत जायचं.

पैसा जातो कुठे

बदल हळूहळू आला. पहिला, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, १९८५ चा. त्या वर्षी बँक खात्याला नॉमिनी लावण्याचे नियम लागू झाले. त्याआधी खातेदार गेला की वारसांना मोठ्या कागदपत्रांच्या वाटेने जावं लागे, आणि लहान रकमेसाठी तो खर्च परवडत नसे. म्हणून लोक सोडून देत.

मग ऑगस्ट २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, दोन वर्षं ग्राहकाने काहीच उलाढाल केली नाही तर खातं निष्क्रिय धरा, पण दरवर्षी आढावा घ्या आणि ग्राहकाला शोधा. बचत खात्यावर व्याज मात्र देत राहा. इथे एक बारीक गोष्ट आपण चुकतो. बँकेने जमा केलेलं बचतीचं व्याज किंवा कापलेलं शुल्क ही ‘आपली’ उलाढाल धरत नाहीत. पासबुकात दर तिमाहीला ओळ उमटते म्हणून खातं जागं आहे असं समजू नका. २०१२ पासून दहा वर्षांपुढच्या खात्यांच्या याद्या बँकांनी आपल्या संकेतस्थळांवर लावायच्या असंही ठरलं.

खरा फेरफार त्यानंतरचा. कायद्यात कलम २६ अ घातलं गेलं आणि २४ मे २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीची योजना जाहीर केली. लोक त्याला डीईए फंड म्हणतात. दहा वर्षं हात न लागलेली बचत आणि चालू खाती, मुदत संपून दहा वर्षं झालेल्या ठेवी, न वटवलेले डिमांड ड्राफ्ट आणि पे ऑर्डरसुद्धा, बँकेने या निधीत भरायचे. म्हणजे विसरलेल्या पैशांवर बँकेने धंदा करायचा नाही. फेब्रुवारी २०२३ पर्यंत नुसत्या सरकारी बँकांनी असे ३५,०१२ कोटी रुपये तिकडे वळते केले होते.

इथे समंतभद्र आचार्यांचा तो बारकावा आठवा. बँकेने स्वतः ठेवलं नाही हे बरं झालं, पण उचलून तिसऱ्याला दिलं का? निधीचा उपयोग ठेवीदारांना शहाणं करण्याच्या कामांसाठी होतो, मालकाला विचारून नव्हे. मला वाटतं कायदा करणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला असावा, कारण त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे की दहा वर्षांनंतरही ठेवीदार किंवा त्याचा वारस आपल्या बँकेकडे पैसे मागू शकतो आणि बँकेने ते दिलेच पाहिजेत. आधी बँक आपल्याला देते, मग निधीकडून परत घेते. आपल्याला रिझर्व्ह बँकेच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मागायला शेवटची तारीखही नाही. व्याजाच्या खात्यातली रक्कम असेल तर निधीत गेल्यावरही साधं व्याज मिळतं. सुरुवातीला ४ टक्के, १ जुलै २०१८ पासून साडेतीन, आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के. महागाई पाहता हे व्याज फारच थोडं आहे. विसरण्याची किंमत मोजावी लागते ती इथे. मुद्दल जात नाही, त्याची ताकद जाते.

ब्रिटनमध्ये २००८ च्या कायद्याने पंधरा वर्षं पडून असलेला पैसा समाजकार्याकडे वळवायची वाट केली, तिथेही मूळ मालकाचा हक्क कायम ठेवला. म्हणजे वेगवेगळ्या देशांनी फिरून फिरून तेच कबूल केलं, जे आपल्या आचार्यांनी श्रावकासाठी आधीच लिहून ठेवलं होतं. मालक विसरला म्हणून मालकी बदलत नाही.

हाक मारायला सुरुवात

२०२३ साली प्रथमच बँकांना मालक शोधण्याचं मोजून काम दिलं गेलं. १ जूनपासून शंभर दिवसांत प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येक बँकेने आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या शंभर बेवारस ठेवींचा निकाल लावायचा, अशी मोहीम निघाली. १७ ऑगस्टला ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. सुरुवातीला सात बँका, मार्च २०२४ पर्यंत तीस. अशा ठेवींच्या रकमेपैकी सुमारे ९० टक्के रक्कम या तीस बँकांकडे आहे. आपला मोबाइल नंबर नोंदवायचा, खातेदाराचं नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एखादी गोष्ट भरायची, की कोणत्या बँकेत काही सापडतं का ते दिसतं. पैसे मात्र बँकेत जाऊनच मागायचे.

१ एप्रिल २०२४ पासूनचे नियमही ग्राहकाच्या बाजूचे आहेत. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही. खातं पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने असंही सांगितलं की यासाठीची केवायसी बँकेच्या कोणत्याही शाखेत करता आली पाहिजे. बदलापूरच्या बाईला लालबागच्या शाखेत खेटे घालायची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र उद्गमवर दिसतीलच असं धरू नका. आपल्या भागातल्या बऱ्याच सहकारी बँका त्या तीसमध्ये नाहीत. त्यांच्या शाखेत किंवा त्यांच्या यादीत पाहावं लागेल. आणि पतसंस्था, म्हणजे आपली पतपेढी, रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाही. तिथल्या ठेवीला ना हा निधी लागू, ना पाच लाखांचा ठेव विमा. पिग्मीचं कार्ड जपून ठेवा.

थापण घरातही असते

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि बँक खात्याच्या बाबतीत २०१० मध्ये हे सांगितलं आहे. नॉमिनीने बँकेकडून पैसे घ्यायचे आणि ज्यांचा हक्क आहे त्यांना द्यायचे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि त्यात इच्छापत्र नसेल तर पत्नी, आई, मुलगे आणि मुली हे पुरुषाचे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. नॉमिनी मोठा भाऊ असला तरी बाकीच्यांचा वाटा त्याच्याकडे ठेवलेली थापण आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरात वडील गेल्यावर तीन वर्षांनी मुलीने सहज विचारलं, बाबांची अमुक बँकेत एक पावती होती ना? भाऊ म्हणाला, ‘होती थोडीशी.’ तिने पुढे विचारलं नाही. माहेर तुटायला नको. मी हे ऐकलं तेव्हा मला सर्वार्थसिद्धीतला तो माणूस आठवला, ज्याने नुसतं ‘हो, तेवढंच’ म्हटलं होतं. बँकेला नियम घालायला रिझर्व्ह बँक आहे. घरात फक्त व्रत आहे. पर्युषणात ‘थापणमोसो’ म्हणताना आपल्या मुलग्यांना त्याचा अर्थ आपणच सांगायला हवा, आणि मुलींना हे सांगायला हवं की विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

आपल्या पिढीतल्या अनेक जणींना नवऱ्याचं खातं कोणत्या बँकेत आहे हे माहीत असतं, पण किती बँकांत आहे हे माहीत नसतं. तेव्हा थोडं व्यवहाराचं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. जुन्या खात्यांवर नॉमिनी आहे का ते पासबुकावर पाहा. लग्नाआधीच्या खात्यावर आजही दिवंगत आईवडिलांचं नाव असेल. खातेदार गेल्यावर नॉमिनी असेल तर बँकेने वारसदाखला मागू नये, आणि नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोप्या कागदपत्रांवर काम व्हावं, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिले. ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. सगळे कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे.

महिला मंडळाचं आणि पाठशाळेचं खातंही तपासा. सह्या करणाऱ्या दोघी-तिघींपैकी एखादी परगावी गेली, एखादी देवाघरी गेली, की ते खातं कुणाचंच राहत नाही. दानाचा पैसा असा झोपणं तर अजूनच वाईट.

आपल्याकडे महावीर निर्वाणाच्या दिवशी, दिवाळीला, वहीपूजन होतं. दुकानाची वही पूजतो, घराची नाही. या दिवाळीला एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर स्वस्तिक काढा आणि दुसऱ्या पानावर घरातली प्रत्येक ठेव लिहा: बँकेचं आजचं नाव आणि जुनं नाव, शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, कुणाच्या नावे, नॉमिनी कोण, पावती कुठे ठेवली आहे. पिन आणि पासवर्ड लिहू नका. पतीसोबत बसून लिहा, आणि सून-मुलगी दोघींना वही कुठे आहे ते सांगा. मग निष्क्रिय वाटणाऱ्या प्रत्येक खात्यात शंभर रुपये भरून या. खातं जागं होतं का, की आधी केवायसी मागतात, ते काउंटरवर लगेच कळेल. जे कळेल ते मला जरूर लिहा.

जय जिनेंद्र.